स्लीपरच्या बाकाला लावलेला रंग

तुम्ही दोघं मे महिन्यात याल तेव्हा अंगणातला बाक तुम्हाला ओळखू येणार नाही. थोडा काळा, थोडा तपकिरी, मध्येच खरवडलेला, असा तो सध्या आहे. तुम्ही विचाराल, आजी, तुझ्या घरात असं कसं चाललं? माझ्या घरात चादरीची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून असते, हे तुम्हाला माहीत आहे. तोंडी सांगायला बसले तर ते माझ्याच्याने नीट होणार नाही, शिवाय तुमचे आजोबा तिथेच बसलेले असतील. म्हणून लिहून ठेवते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. मी शाळेपासून इंग्रजीत शिकले आणि पुढे मुलांना इंग्रजीच शिकवलं. पण या हकिकतीतली माणसं इंग्रजी बोलत नाहीत. अडेल तिथे तुमच्या बाबांकडून वाचून घ्या. त्यांनीही वाचावं असं यात बरंच आहे.

आधी बाकाविषयी. तुमचे आजोबा जेऊरला स्टेशनमास्तर होते तेव्हा रुळांखाली लाकडी स्लीपर असायचे. रूळ ज्यांच्यावर टेकतात ते हे जाडजूड ओंडके. पावसाने कुजू नयेत, वाळवीने खाऊ नयेत म्हणून कारखान्यातच त्यांच्या पोटात डांबरी तेल मुरवलेलं असायचं. पुढे सिमेंटचे स्लीपर आले आणि लाकडी काढून फलाटाच्या टोकाला रचून ठेवले गेले. त्यांचा लिलाव झाला तेव्हा आजोबांनी चार घेतले. का घेतले, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "इतकी वर्षं ह्यांनी गाड्या पेलल्या. चुलीत घालायचे काय?"

निवृत्त होऊन आम्ही सोलापूरला हे घर बांधलं, तेव्हा त्या स्लीपरांचा बाक झाला. जो सुतार तो करायला आला, त्याची दाढी तेव्हा काळी होती. लाकडात खडीची कच रुतून बसलेली, त्यामुळे त्याच्या करवतीचे दात गेले. "मास्तर, ये लकडी नहीं, लोहा है," असं म्हणत त्याने चार दिवस शिव्या देत काम केलं. खिळ्यांची भोकं तशीच ठेवायची, असं आजोबांनी त्याला बजावलं होतं. मला ती बुजवून हवी होती. बाक घराच्या पूर्वेला ठेवला. सकाळभर त्यावर ऊन तापतं, दुपारनंतर घराची सावली पडते. चारच्या सुमाराला बसावं तर लाकूड अजून कोमट असतं आणि त्यातून डांबराचा उग्र वास येत असतो. मला तो वास कधीच आवडला नाही. रेल्वे क्वार्टर्समध्ये बावीस वर्षं तो वास, तो धूर आणि ती शिट्टी घेऊन राहिले होते, आता स्वतःच्या अंगणातही तेच, असं मला वाटायचं.

आजोबांच्या आजाराबद्दल तुम्हाला थोडं सांगितलेलं आहे. माणूस विसरत जातो, एवढंच तुम्हाला माहीत आहे. विसरणं सरळ उतारावरून होत नाही. सकाळी ते दात घासायचा ब्रश हातात धरून उभे राहतात. जेवताना ताटातल्या भाकरीकडे बघत बसतात. पण चारला बाकावर बसले की गेल्या वर्षापर्यंत त्यांचा तासभर वेगळा जायचा. दोन्ही तळवे दोन बाजूंना लाकडावर टेकवायचे आणि कंपाउंडच्या टोकाकडे बघायचं, जसं फलाटावरून लांब सिग्नलकडे बघतात तसं. मग बोलायला लागायचे.

"अगं, चहा ठेव. मालगाडी बाजूच्या लूपला घेतलीय, ड्रायव्हरलाही दे कपभर."

"अहो, मालगाडी कुठली? आपण घरी आहोत."

"बरं, घरी. चहा तरी ठेव."

कधी म्हणायचे, "पोरगा आला का शाळेतून?"

"पोरगा अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला तुमचा."

"एवढा? मग स्वतःचा चहा स्वतः करून घेईल," असं म्हणून हसायचे. मला पक्कं ठाऊक होतं की त्या तासात त्यांना मी कोण ते कळत होतं. दिवसभर मी त्यांच्यासाठी कुणीतरी घरातली बाई असायचे. त्या तासात मी "अगं" असायचे. मी मात्र तो तास त्यांच्या चुका दुरुस्त करण्यात घालवला. शिक्षिकेची सवय.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात. पहिल्याच दिवशी बाकावर बसून पिवळ्या फ्रॉकला काळा डाग पडला आणि तो निघाला नाही. धाकट्याने नाक धरून "रस्ता केल्यासारखा वास येतो" म्हटलं. ते खरंच होतं. तुमच्या बाबांनी त्या रात्री फोनवर शोधून वाचलं की ते तेल अंगाला चांगलं नाही, बऱ्याच देशांत असं लाकूड घराजवळ वापरू देत नाहीत. ते म्हणाले, "आई, फेकून दे तो बाक." मी म्हटलं, "बघते." पण तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात आजोबांच्या तळव्यात बाकाची मोठी सल घुसली. उन्हाने लाकडाला चिरा पडल्या होत्या, कडा तडकल्या होत्या. मी चष्मा लावून, सुई गरम करून ती सल काढली. ते रडले. लहान मुलं रडतात तसे, माझ्याकडे न बघता.

त्यावरून फोनवर आमचं बोलणं झालं. तुमच्या बाबांच्या मनात पुण्यातली एक जागा होती, जिथे अशा आजाराची माणसं सांभाळतात. मी ती पाहिलेली आहे. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे.

"आई, तू शहात्तर वर्षांची आहेस. उद्या बाबा फाटक उघडून निघून गेले तर धावणार आहेस का मागे?"

"ते जात नाहीत कुठे. दुपारी बाकावर बसले की शांत असतात."

"आणि समजा गेलेच?"

"गेले तर मग तुझं ऐकेन."

हे मी बोलले. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. बाकावरचा तो तास होता म्हणूनच मी त्यांना घरी ठेवू शकत होते, आणि हे मला पूर्ण ठाऊक असताना मी त्याच बाकाला हात घातला.

फेकायचा नाही, तर नीट करायचा, असं मी ठरवलं. तुमच्या घरामागे लाकडी ओट्यासारखा डेक आहे, त्याला तुमचे बाबा दर दोन वर्षांनी स्टेन, म्हणजे लाकडाचा खास रंग, लावतात, त्यामुळे त्यांना यातलं कळतं. त्यांनी मला चार व्हिडिओ पाठवले. मी वही केली. बाहेरच्या लाकडाला लावायचे स्टेन दोन जातीचे असतात. एक तेलासारखा लाकडात मुरतो, वर थर धरत नाही, दर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा लावावा लागतो. दुसरा लाकडावर कातडीसारखा बसतो, त्यात रंग जितका दाट तितका तो ऊन जास्त अडवतो, आणि चांगला बसला तर पाच-सहा वर्षं बघावं लागत नाही. वहीत मी दोन रकाने आखले. सोलापूरचं ऊन, माझं वय, तुमचे कपडे, आजोबांचे हात. प्रत्येक ओळीत दुसरी जात सरस ठरली. आजही ती वही काढून बघते तर तिच्यात चूक सापडत नाही.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत रंगाचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या माणसाने विचारलं, "मावशी, फार्महाऊसला पाहिजे काय?"

"अंगणातल्या बाकाला."

"एका बाकड्याला?" त्याने माझ्या वहीकडे पाहिलं. "ऑइलपेंट मारा की. चॉकलेटी. सगळे तेच मारतात."

मी त्याला ऊन, अतिनील किरण, थर आणि मुरणं यांवर बरंच ऐकवलं. त्याने चार छटांचे लहान डबे पुढे ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी सागवानाची एक नवी, तासलेली फळी पडून होती. तिच्यावर मी चार पट्टे ओढले, खाली पेन्सिलीने नावं लिहिली, पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. अक्रोडी रंगाचा पट्टा सगळ्यांत कमी उडाला. तोच नक्की केला.

त्या फळीबद्दल मला पुन्हा पुन्हा विचार करावासा वाटतो. जे लाकूड झाकायचं होतं ते काळं, तेलकट, चाळीस वर्षं गाड्यांखाली राहिलेलं. मी परीक्षा घेतली ती कोऱ्या सागवानाची, कारण त्यावर पट्टे स्वच्छ दिसत होते.

सुतार आला. दाढी आता पांढरी, एक गुडघा आखडलेला. त्याने बाकावरून हात फिरवला, बोट नाकाला लावलं आणि मान हलवली.

"बाई, इसकू रंग नक्को. ह्याच्या पोटात तेल हाय. ते निघणारच, वरून कितीबी झाका. कडा घासून देतो, सल ऱ्हाणार न्हाय. जवसाचं तेल गरम करून लावतो. दर साल लावायचं, बस."

"आणि दर साल कोण लावणार?"

"मैं है ना."

"तुम्ही किती वर्षं? मला एकदा लावलं की पाच-सहा वर्षं बघायला लागू नये असं पाहिजे."

तो हसला. "पाच साल? पाच साल मे मैं किधर, तुम किधर, और मास्तर किधर!"

मला ते लागलं. मी वही उघडून त्याला वाचून दाखवलं, आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून खाली चपड्याचे दोन हात द्यायचे, मग वर स्टेन, असं सांगितलं. चपडा म्हणजे लाखेचं पॉलिश, ते तेल रोखून धरतं. हेही मी वाचलेलं होतं. तो म्हणाला, "हौ, तुम पढेली है," आणि कामाला लागला. तो चिडल्यासारखा वाटला नाही. दमल्यासारखा वाटला.

आठ दिवस लागले. आजोबांना तेवढे दिवस मागच्या खोलीत ठेवलं. खिळ्यांची भोकंही या वेळी बुजवून घेतली. बाक झाला तेव्हा अंगणात नवीन वस्तू आणल्यासारखं वाटलं. गुळगुळीत, एकसारखी, गडद. पांढरा रुमाल घासून पाहिला, डाग नाही. वाकून वास घेतला, काही नाही. मी फोटो काढून पाठवला आणि तुमच्या बाबांनी लगेच उत्तर दिलं, "वा आई, प्रोफेशनल काम." ती दिवाळीनंतरची गोष्ट.

चार वाजता मी आजोबांना हाताला धरून बाहेर आणलं. ते बाकापाशी थांबले. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा ना."

"कुणाचं आहे हे?"

"आपलंच. तुमचाच बाक."

त्यांनी तळवा टेकवला आणि उचलून घेतला. बसले नाहीत. उभे राहून कंपाउंडच्या चारी कोपऱ्यांत काहीतरी शोधत राहिले. मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. दुसऱ्या दिवशी खांद्याला धरून बसवलं तर वेटिंग रूममध्ये परका माणूस बसतो तसे कडेला टेकले आणि पाच मिनिटांत उठले. बाकाच्या मागे जाऊन बघितलं. मग आत गेले, परत बाहेर आले. "बदली झाली का माझी?" असं विचारलं. मी म्हटलं, "अहो, निवृत्त झालात तुम्ही. केव्हाच." ते माझं शेवटचं बरोबर उत्तर असावं. त्यानंतर दुपारचा तास आलाच नाही. चारला ते येरझाऱ्या घालायला लागत, सहापर्यंत थांबत नसत, आणि मी मागे मागे.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजार पुढे सरकतोय. हे उत्तर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यात माझा दोष नव्हता.

जानेवारीत एका दुपारी मी दूध तापवत होते. दूध वर येईपर्यंत ओट्यापाशी उभी होते, तेवढाच वेळ. बाहेर आले तर फाटक उघडं. मी रस्त्यावर धावले. शहात्तर वर्षांची बाई घरातल्या सपातांवर जेवढी धावू शकते तेवढी. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एका बाजूला गेला, मी दुसऱ्या. सव्वा तास गेला. मग एक रिक्षा फाटकाशी थांबली आणि आत तुमचे आजोबा ताठ बसलेले. रिक्षावाला म्हणाला, "चाचा स्टेशन के रस्ते पे मिले. बोले, ड्यूटी है, गाडी आने की है. मैं बोला बैठो, छोडता. फिर खिशात चिठ्ठी मिली." ती चिठ्ठी मी त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात आतून शिवलेली आहे, नाव-पत्ता-फोन. रिक्षावाला भाडं घेईना. आजोबांच्या पायांत चप्पल नव्हती आणि टाचेतून रक्त येत होतं.

मी हे तुमच्या बाबांपासून एक दिवस लपवलं. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"आई, तूच म्हणाली होतीस."

"हो, मीच म्हणाले होते."

"मे महिन्यात येतोच आहोत. तेव्हा पुण्याचं करू या."

मी हो म्हटलं. वहीत मे महिन्याच्या पानावर ते लिहिलंसुद्धा.

आमच्याकडे स्वयंपाकाला आणि आजोबांना सांभाळायला ज्या बाई येतात त्या तुम्हाला आठवत असतील, धाकट्याला ज्या "आमचं कोकरू" म्हणायच्या त्या. सांगोल्याकडच्या, माहेरी मेंढरं. त्या दिवशी आजोबांच्या टाचेला हळद लावता लावता त्या म्हणाल्या, "आजी, एक बोलू का? राग धरू नगा."

"बोला."

"बाकड्याचा वास गेला की."

"गेला म्हणूनच तर एवढं केलं."

"व्हय, पर आजोबा वासावर बसत हुते तितं. आमच्यात मेंढी याली की कोकरू वलं असतं. ते कुणी पुसून, धुऊन चकचकीत केलं तर मेंढी त्याला जवळ घेत न्हाय. समोर उभं केलं तरी हुंगती अन् ढकलून देती. तिचंच असतं, पर तिला न्हाय कळत. मग कोकरू उपाशी मरतंय. लई वंगाळ दिसतं ते."

त्या हळदीची वाटी घेऊन आत गेल्या. मी अंगणात जाऊन त्या बाकावर बसले. खरोखर सुंदर झाला होता तो. मी वाकून नाक लाकडाला लावलं, खिळ्यांच्या बुजवलेल्या भोकांवर लावलं. आमच्या लग्नानंतरची सगळी वर्षं ज्या वासात गेली, ज्याला मी कंटाळले होते, तो या रंगाच्या खाली होता, आणि मीच त्याच्यावर तीन थर चढवले होते. वहीत ऊन होतं, वय होतं, कपडे होते, हात होते. हे कुठल्याच ओळीत नव्हतं. ज्यांचा बाक त्यांना विचारावं, हेही सुचलं नाही, कारण त्यांना काही विचारायची सवय मला राहिली नव्हती.

सुताराला बोलावलं. त्याला ताप येत होता, तो फेब्रुवारीच्या अखेरीला आला. तोवर उन्हाने आपलं काम सुरू केलं होतं. बसण्याच्या फळीवर बारीक फोड आले होते, नखाने फोडला की आतून काळं तेल. त्याने ते पाहिलं, मला वाटलं आता म्हणेल, बोला था ना मैं. त्याने फक्त बोट नाकाला लावलं. मी सगळं सांगितलं, मेंढीचंसुद्धा. त्याने पिशवीतून काचेचा तुकडा काढला आणि बाकाशेजारी जमिनीवर बसला.

"मशीन नक्को," तो म्हणाला. "मशीन लाकूड खाईल. काचेने वरचंच निघतं."

स्पिरिट लावून चपडा मऊ करायचा आणि काचेच्या धारेने खरवडायचा. त्याच्याने एका वेळी तासाभरापेक्षा जास्त होत नव्हतं, गुडघा धरायचा. मग मी पॉलिश पेपर घेऊन बसायचे. भोकांतली पुट्टी मी केसांच्या आकड्याने कोरून काढली. दोघं मिळून महिनाभर रोज थोडं थोडं करत होतो आणि तरी सगळं निघालं नाही. पाठ टेकायची फळी तशीच अक्रोडी राहिली आहे. बसायची फळी आणि पुढची कड तेवढी मोकळी झाली. एक दिवस तो थांबला, हात झटकले, म्हणाला, "बाकीचं सूरज करेगा. मेरे से अच्छा करता."

सल लागू नये म्हणून कडा गोल करून घेतल्या आणि जवसाच्या तेलाचा एक हात दिला. डब्यात स्टेन उरला आहे. झाकण घट्ट लावून जिन्याखाली ठेवला आहे, फेकवत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऊन असं पडलं की दुपारी अंगणात पाय ठेववेना. चारला मी दार उघडलं आणि वास दारापर्यंत आला. तुम्ही म्हणता तोच, रस्ता केल्याचा. आजोबा येरझाऱ्या घालत होते. ते थांबले. नाक थोडं वर केलं. मग गेले आणि बसले, कडेला नाही, मधोमध. दोन्ही तळवे टेकवले. मोकळ्या केलेल्या एका भोकात त्यांचं बोट गेलं आणि तिथेच राहिलं.

मी दारातच उभी होते. मी चहाची वाट बघत होते असं म्हटलं तर तुम्हाला कळेल. "अगं, चहा ठेव," एवढं ऐकायचं होतं. आधण चढवूनच आले होते.

बऱ्याच वेळाने त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"बाई, कुठं जायचंय तुम्हाला?"

त्यांचा आवाज अगदी जेऊरचा होता. उतारूंशी ते नेहमी असंच बोलत, कधी वसकन अंगावर जात नसत. मला "पुण्याला" असं म्हणावंसं वाटलं आणि म्हणवलं नाही. यापूर्वी मी म्हटलं असतं, अहो, मी आहे, घर आहे आपलं. मी म्हटलं, "गाडी किती वाजता आहे?"

"अवकाश आहे अजून. ताटकळत कशाला उभ्या राहता? बसा."

त्यांनी सरकून जागा केली. मी बसले. चहाचं पाणी आटून भांडं करपलं, त्याचाही वास आला, पण उठले नाही.

तेव्हापासून रोज चारला ते बसतात. येरझाऱ्या थांबल्या आहेत, फाटकाकडे ते बघतही नाहीत. मी रोज कुठल्यातरी गाडीची उतारू असते. "अगं" परत आलेलं नाही. रंग लावला नसता तर ते राहिलं असतं का, की तसंही याच महिन्यांत गेलं असतं, हे सांगायला कुणी नाही. डॉक्टर एक सांगतात आणि बाक दुसरं सांगतो. मी दोन्ही ऐकते.

तुमच्या बाबांना मी अजून हे सगळं सांगितलेलं नाही. वहीत मे महिन्याच्या पानावर पुण्याचं लिहिलेलं मी खोडलेलं नाही, शब्द दिला होता तो दिला होता. त्यांनी एक दुपार चार वाजता दारात उभं राहून बघावं आणि मग जे ठरवायचं ते ठरवावं.

तुमच्यासाठी मी दोन वेताच्या खुर्च्या आणल्या आहेत. त्या बाकापासून थोड्या लांब, कडुलिंबाखाली ठेवेन. तो वास तुमच्यासाठी चांगला नाही हे तुमचे बाबा म्हणतात ते खरंच आहे, तेव्हा बाकावर बसायचा हट्ट करू नका. पण आजोबांनी सरकून जागा केली आणि "बसा" म्हटलं, तर थोडा वेळ बसा. कुठे जायचंय असं विचारतील. कुठलंही स्टेशन सांगा. येताना एखादा जुना, गडद रंगाचा कपडा आठवणीने घ्या, तो डाग निघत नाही.